यंत्रमानवाची पहिली ड्युटी

इस्रायलमध्ये पिकलेलं फळ कॅमेऱ्याने ओळखून अलगद तोडणारे उडते यंत्रमानव निघालेत. तोडणी त्यांची, देखरेख माणसाची. झकास! आणा की आमच्या पैठण-जालन्याच्या मोसंबीवर. २०१२-१३च्या दुष्काळात मात्र इथे वाळलेल्या बागांची तोडणी माणसांनीच कुऱ्हाडीने उरकली. कॅमेऱ्याची गरज पडली नाही. २०१९ साली तर मुकुंदवाडीची पोरं पाण्यासाठी रेल्वेने औरंगाबाद स्टेशन गाठत होती, हंडे-कळश्या घेऊन. तेव्हा यंत्रमानवाने तोडणीआधी जरा हंडा उचलायला शिकावं. चार्जिंगची काळजी नको: शेतीची वीज अनेकदा रात्रीची येते. तेवढ्यात पाण्याची मोटर चालू करून अंधारातल्या बिबट्यावर लक्ष ठेवायचं कामही त्यालाच देता येईल, सबसिडी मंजूर होईपर्यंत.