आमचा चितळकर पंथ

जुन्या हिंदी गाण्यांच्या भक्तांमध्ये पंथ असतात. रफीवाले संख्येने भारी, किशोरवाले उत्साहाने आणि मुकेशवाले दुःखाने. मन्ना डेवाले आधी राग सांगतात, मग गाणं. तलतवाले थोडेच, पण खानदानी. 'हल्लीची गाणी' हे दोन शब्द उच्चारतानाही त्यांना ठसका लागतो. मी यांपैकी कुणातच नाही. मी चितळकरवाला. आमच्या पंथाचं संमेलन भरवायचं ठरलं तर मांडवाची गरज नाही, एक स्कूटर पुरेल.

त्यात मी राहतो वाडीला. नागपूर सोडून अमरावती रोडला लागलात की डाव्या-उजव्या हाताला ट्रान्सपोर्टची ऑफिसं, गोडाऊनं आणि ट्रकच ट्रक दिसू लागतात. तीच वाडी. इथला माणूस दोन प्रेशर हॉर्नच्या मधल्या फटीत बोलतो, त्यामुळे कुजबुज हा प्रकार आमच्याकडे विकसितच झालेला नाही. जेवताना मीठ मागितलं तर ते शेजारचेही आणून देतात. अशा गावात, गरजेपेक्षा जास्त आवाज कधी न वापरणाऱ्या गायकावर प्रेम करायचं म्हणजे दारं-खिडक्या लावून करायचं प्रेम. लोकांना भलतेच संशय येतात.

लोकांना नाव सांगावं तर आणखी पंचाईत.

"चितळकर? थे बाकरवडीवाले का?"

"ते चितळे. हे चितळकर. सी. रामचंद्र."

"मंग असं सांगा नं राजेहो! 'अनारकली'वाले!"

इथे गाडी रुळावर येते आणि लगेच घसरते. कारण सी. रामचंद्र म्हटलं की लोकांना चाली आठवतात, लताबाई आठवतात, २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत नेहरूंच्या समोर लताबाईंनी गायलेलं ते गाणं आठवतं. त्याच माणसाला एक गळाही होता, हे कुणाच्या ध्यानात नसतं. मी मात्र दोघांना वेगळंच धरतो. सी. रामचंद्र हे 'ते'. चितळकर हा 'तो'. आवडत्या गायकाला मराठी माणूस अहो-जाहो करतच नाही.

तर हा रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १९१८चा, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. पण गाण्याचे धडे गिरवले ते नागपुरात, शंकरराव सप्रे यांच्याकडे. वसंतराव देशपांडेही याच गुरूंचे शिष्य. पुढे रामचंद्र पुण्याला विनायकबुवा पटवर्धनांकडेही शिकला, पण त्या तपशिलाकडे आम्ही दुर्लक्ष करतो आणि त्याला सरळ नागपूरचा म्हणतो. आमच्या संत्र्याचंही तेच आहे. पिकतं काटोल-वरुडला, नाव नागपूरचं.

१९३५ साली 'नागानंद' नावाच्या सिनेमात तो थेट नायक झाला. सिनेमा पडला. मग तो मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटीवर बसला. नायकाच्या जागेवरून उठून पेटीमागे बसलेल्या माणसाला दोन गोष्टी कळतात: गाणं कसं बसवायचं, आणि आपल्याकडे कुणी बघत नसताना कसं जगायचं. पुढे तो मोठा संगीतकार झाला, पण ही दुसरी विद्या काही विसरला नाही. पाटीवर कधी सी. रामचंद्र, कधी अण्णासाहेब, कधी राम चितळकर, कधी श्यामू. आणि गायला की नुसता चितळकर. एवढी नावं आमच्याकडे फक्त चेक न वटलेले लोक घेतात.

आता आवाजाबद्दल. खरं सांगायचं तर त्यात सांगण्यासारखं काही नाही, आणि तीच त्याची कमाल आहे. रफीची उंची नाही, तलतची थरथर नाही, हेमंतकुमारचा घुमारा नाही. पानठेल्यावर उभा असलेला एखादा माणूस तुमच्याशी बोलतोय आणि बोलता बोलता त्याचा सूर लागलाय, एवढंच. ही अक्कल माइकने दिली. माइक नव्हता तेव्हा नाटकातल्या नटाला शेवटच्या बाकावरच्या प्रेक्षकापर्यंत आवाज फेकावा लागे. तो प्रेक्षक जागा असेल तर उत्तमच. १९२५च्या सुमाराला विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि अमेरिकेत बिंग क्रॉस्बीसारख्यांच्या ध्यानात आलं की आता ओरडायचं कारण नाही. हे यंत्र म्हणजे ऐकणाऱ्याचा कान आहे. आपल्याकडे सैगलनं तेच ओळखलं.

या हळू गाणाऱ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो पेरी कोमो. इटलीहून आलेल्या आईबापांचा पोरगा, पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गचा, मूळ धंदा केशकर्तनाचा. अमेरिकेच्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने १९५८ साली पहिली अधिकृत सुवर्ण तबकडी दिली ती याच्या गाण्याला. तरीही मोठ्या गायकांची यादी निघाली की सिनात्रा पुढे आणि कोमो 'इत्यादी'मध्ये. का, तर तो फार सहज गायचा. इतका, की टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात त्याची नक्कल करणारा नट चक्क आडवा पडून गात होता. घाम न गाळता केलेलं काम हे काम नव्हेच, अशी समजूत अमेरिकेतही आहे हे वाचून मला बरं वाटलं.

वाडीतल्या माझ्या सलूनवाल्याला मी ही हकीकत मोठ्या हौसेनं सांगितली. वस्तरा थांबवून तो म्हणाला, "गाना म्हने ते ठीक हाये भाऊ, पन मंग कटिंग कोन करे?"

तर चितळकर. 'पतंगा' हा सिनेमा १९४९चा. त्यातलं रंगूनचं टेलिफोनचं गाणं सगळ्यांना पाठ असतं आणि सगळे ते शमशाद बेगमचं म्हणून सांगतात. बाई डेहराडूनला, नवरा ब्रह्मदेशात. त्या काळचा ट्रंक कॉल म्हणजे वास्तविक दोघांनी घसा फोडायचा. शमशाद बेगमचा खणखणीत आवाज तर टेलिफोन नसता तरी रंगूनला पोचला असता. पण पलीकडचा चितळकर ऐका. पाटलोण विसरून लुंगीवर आलेला, मिळेल ते शिळंपाकं खाणारा हा नवरा आपलं दुःख असं निवांत सांगतो, की फोनचं बिल कंपनी भरत असावी. बायकोची समजूत घालताना आवाज चढवायचा नसतो, हे शहाणपण त्या एका गाण्यात आहे.

मग १९५१चा 'अलबेला'. भगवानदादा नायक. गोल अंगाचे, गिरणगावाच्या वळणाचे भगवानदादा हात जरासे हलवून नाचले आणि देश त्यांच्यामागे नाचला. या नायकाला रफीचा आवाज दिला असता तर तो भाड्याने आणलेल्या कोटासारखा दिसला असता. चितळकरचा आवाज त्यांना अंगच्या कातडीसारखा बसला. वाद्यमेळात गोव्याच्या हळदोण्याचा चिक चॉकलेट, म्हणजे अंतोनियो शावियेर वाझ, ट्रम्पेट घेऊन. तो आणि त्याचे साथीदार पडद्यावरही दिसतात. एवढी पितळी वाद्यं कानाशी वाजत असताना दुसरा कुणी गळा ताणला असता. चितळकर त्यांच्यामधून खिशात हात घालून निघून जातो. आणि त्याच सिनेमात लताबाईंबरोबर अंगाई! ज्या पुरुषाच्या आवाजाने मूल उठत नाही, तो पुरुष गायक म्हणून पास झाला, असं माझ्या आजीचंही मत पडलं असतं.

एवढं असून मान का नाही? दोष त्याच्या मालकाचा. सी. रामचंद्रांनी चितळकरला कधी चांगलं वागवलं नाही. 'अनारकली'त शहजादा सलीमला आवाज हवा होता तेव्हा त्यांनी हेमंतकुमारला बोलावलं. १९५७च्या 'आशा'त 'ईना मीना डीका' किशोरला दिलं. विनोदी नट असला, टेलिफोनवर नवरा हवा असला, की हाक चितळकरला. स्वतःच्या घरच्या लग्नात वाढप्याचं काम करणारा माणूस प्रत्येक कुटुंबात असतो, आणि फोटोत तो नसतो.

एकदा मात्र संधी आली. १९५५चा 'आझाद'. निर्माते-दिग्दर्शक श्रीरामुलू नायडू यांना सगळी गाणी महिन्याभरात हवी होती. नौशादांनी नकार दिला, सी. रामचंद्रांनी हो म्हटलं आणि करून दाखवलं. त्यातलं एक युगुलगीत दिलीपकुमारवर. असं सांगतात की ते तलतनं गायचं होतं, पण तो वेळेवर मिळाला नाही. मग गेला चितळकरच. आणि गायला असा मऊ, असा रेशमी, की तलतवाल्यांनी ते गाणं आपल्या खात्यात जमा करून टाकलं. दिलीपकुमारचा आवाज झाला, तोही दुसऱ्याच्या नावावर!

या गाण्यावरून आमच्या लेआउटमध्ये माझा कायमचा वाद आहे तो डिफेन्सच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या एका काकांशी. सध्या नागपुरात ज्याला पेन्शन आहे त्याला कराओके आहे, तसे तेही गातात. पंथाने कट्टर तलतवाले.

"काका, ते तलतचं नाही. चितळकरचं आहे."

"मले नोको शिकवू. फॅक्टरीत हातानं माप घेतलं म्या, कानानं नाही घेऊ शकत का?"

मी मोबाइलवर तबकडीवरचं नाव दाखवलं. ते म्हणाले, छपाईची चूक.

परवा त्यांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, जेवणानंतर, त्यांनी तेच गाणं लावलं. बाजूला काकू, बळजबरीने उभ्या केलेल्या. बाहेर ट्रक मागे घेणाऱ्या ड्रायव्हरला क्लीनर 'आन दे, आन दे' ओरडत होता. काकांना तलतची थरथर काही साधत नाही. वयाची थरथर तेवढी आहे. पण त्यांनी आवाज चढवला नाही. काकूंकडे बघत बोलल्यासारखे गात गेले. तलतपासून कोसभर दूर, आणि चितळकरला अगदी खेटून. या आवाजाचं मोठेपण मला यापेक्षा चांगलं सांगता येणार नाही: तो साध्या माणसाला साध्याच गळ्यानं गायची परवानगी देतो.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. ट्रान्सपोर्टवाले त्यांचे दोस्त उठून आले, हात हातात घेऊन म्हणाले, "वा बाप्पा! हुबेहूब तलत!"

मी काही बोललो नाही. चितळकरला हीच दाद १९५५पासून मिळते आहे. काकांना एकाच संध्याकाळी मिळाली. पंथात नवा सभासद आला आहे. त्याला अजून कळवलेलं नाही, पण स्कूटरवर मागची सीट रिकामीच होती.