एकांताचा पास

गडमुडशिंगीतल्या आमच्या भावकीतल्या एका पोरानं परवा रात्री 'इन्टू द वाइल्ड' बघितला आणि सकाळी समाजत्याग जाहीर केला. जाहीर कुठं, तर भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. अठरा जणांनी हात जोडले. एका आत्यानं नीट न वाचताच केक पाठवला.

शॉन पेनचा हा २००७ चा चित्रपट खऱ्या माणसावरचा. क्रिस्टोफर मॅकँडलेस शिकलासवरलेला, खात्यापित्या घरचा. शिल्लक २४ हजार डॉलर दान केले, गाडी टाकून दिली, खिशातल्या नोटा जाळल्या आणि १९९२ च्या एप्रिलमध्ये अलास्काच्या रानात शिरला. आमच्या पोराकडं दान करण्याजोगे ट्रॅक्टरचे हप्ते तेवढे होते. ते स्वीकारायला एकही संस्था पुढं आली नाही. नोटा जाळण्याचा विषय निघताच चुलता पायातली चप्पल चाचपू लागला.

रान ठरलं दाजीपूरचं. एकेकाळी संस्थानच्या शिकारीचं, १९५८ पासून अभयारण्य. तिथं एकांताला पास लागतो, पावसाळ्यात एकांत बंद असतो आणि अंधार पडायच्या आत एकांतातनं बाहेर यावं लागतं.

आईनं दशम्या बांधल्या. "कवा येणार?"

"येणारच न्हाई."

"मग डबा तरी कुणाच्या हाती लावून दे. स्टीलचा हाय."

सोडायला म्हणून चार दोस्त निघाले. कोल्हापूरकडची चार माणसं रानाच्या वाटेला लागली की त्यांचं रस्सा मंडळ होतं. राधानगरीच्या अलीकडंच चूल पेटली, जेवणं झाली आणि संध्याकाळच्या धारेला संन्यासी घरात हजर. म्हशीनं पिक्चर बघितला नव्हता.

हसू नका. मॅकँडलेसला तरी एकांत कुठं लाभला? ज्या १४२ नंबरच्या मोडक्या बसमध्ये तो एकटा मेला, ती बघायला लोकांची रीघ लागली. वाटेतल्या नदीत माणसं बुडाली, तेव्हा २०२० मध्ये ती बसच हेलिकॉप्टरनं उचलून न्यावी लागली. आपल्याकडं असती तर शेजारी नारळाचं दुकान निघालं असतं.

रानातनं गावात, अशी उलट्या दिशेची वाहतूक मात्र सुरळीत आहे. २०२१ च्या डिसेंबरात गवे थेट कोल्हापूर शहरापर्यंत येऊन गेले. पास नाही, ग्रुपवर घोषणा नाही. स्वागताला मोबाईल घेतलेली एवढी गर्दी, की समाज म्हणजे काय हे त्यांना एका फेरीत कळलं असणार.

पोरगा शेवटी म्हणाला, "काका, मला फकस्त शांतता पायजे."

चुलत्यानं आतनंच आवाज दिला, "आज रात्री दोनला लाईट येणार हाय. उसाला पाणी पाजायला जा. तितं कुत्रं सुदिक नसतंय. आनि बॅटरी घे, गवा फिरतोय म्हणं."