ग्रामसभेच्या कोरमास अनावृत पत्र

मा. कोरमसाहेब यांस,


15 ऑगस्टच्या ग्रामसभेला आपण नेहमीप्रमाणे आला नाहीत, त्याबद्दल समस्त ग्रामस्थांच्या वतीने आभार. झेंडावंदनाला आपण होतात, जिलेबी वाटून होईपर्यंतही होतात. माइकवरून ‘आता ग्रामसभेला सुरुवात होत आहे’ एवढं ऐकू आलं आणि चपला शोधायची एकच झुंबड उडाली.

आपली किमान हजेरीची अट तशी फार नाही. मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, यांत जो आकडा कमी असेल तो. आपल्याकडच्या लग्नात पहिल्या पंगतीला याहून जास्त पानं मांडतात. कायदाही किती समजूतदार बघा: आपण नसाल तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला आपली गरजच नाही! शंभर जणांनी ठरवायचं ते मग सरपंच, ग्रामसेवक आणि पारावर बसून कंटाळलेली चार म्हातारी माणसं ठरवतात. सरपंचाने सभाच बोलावली नाही तर त्याचं पद जाऊ शकतं. आपण आला नाहीत तर आपलं काय जातं? फार तर पाण्याची टाकी, आणि ती काय, गावाची.

मागच्या तहकूब सभेचं प्रोसिडिंग मी मुद्दाम मागून वाचलं. पंधराव्या वित्त आयोगाचा विषय होता. त्यातला बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा असतो. म्हणून ‘पाणीपुरवठा दुरुस्ती’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलंय. कुठल्या गल्लीतली दुरुस्ती, पाइप किती इंची, ठेकेदार कोण, हे विचारायला कोणी नव्हतं. सूचक नेहमीचे, अनुमोदक नेहमीचे, ठराव सर्वानुमते मंजूर. मोजक्या जणांचं एकमत व्हायला कितीसा वेळ लागतो? सह्या मात्र हजर माणसांपेक्षा बऱ्याच जास्त. त्यातली एक गेल्या शिमग्याला वारलेल्या गृहस्थांची. अक्षर पूर्वीपेक्षा सुधारलंय.

गावात दोन गट आहेत, हे आपण जाणताच. या गटाचा माणूस त्या गटाच्या दुकानातून काडेपेटी घेत नाही. पॅनेलपायी सख्ख्या भावांचं जेवणखाण तुटलं. दिल्लीत कोण काय बोललं यावरून गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री दोनपर्यंत एकमेकांची आयमाय उद्धारली जाते. पण ग्रामसभेला न येण्याच्या बाबतीत दोन्ही गटांची जी एकजूट आहे, ती पाहून ऊर भरून येतो. भ्रष्टाचाराविरुद्धचे सगळ्यांत लांबलचक मेसेज टाकणाऱ्या आमच्या एका शेजाऱ्याला सभेची आठवण केली, तर म्हणाला, “आपलं कोण ऐकतंय? आणि आपला गट सत्तेत नाही ना.” त्याचा गट सत्तेत होता तेव्हाही तो यायचा नाही. तेव्हा म्हणायचा, “आपलीच माणसं आहेत, जायचं कशाला?”

आपल्याला गर्दीचं वावडं आहे असंही नाही. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात 2021 च्या निवडणुकीआधी सरपंचपदाची बोली दोन कोटींच्या वर गेली आणि राज्य निवडणूक आयोगाला तिथली निवडणूक रद्द करावी लागली. त्या बोलीला काही कोरमअभावी तहकुबी आली नव्हती.

तेव्हा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेलाही आपण येणार नाही, हे गृहीत धरून आम्ही निवांत आहोत. फक्त एक काळजी लागून राहिली आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावी आपलं नियमित जाणं-येणं असतं, असं कळतं. तिथे म्हणे सगळ्यांचं एकमत होईपर्यंत विषय पुढे सरकत नाही, बायकाही बोलतात. 2011 साली तिथल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने गावाच्या हाती सोपवायला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गेले होते. आपण कुठे जावं हा आपला प्रश्न. पण तिथल्या सवयी आमच्याकडे आणू नयेत. ठेकेदाराचं बिल अजून निघायचं आहे.

आपला,
मतदारयादीतला एक