शंभर यार्ड साहेबांस अनावृत पत्र

श्री. शंभर यार्ड साहेब,
मुक्काम कॉलेजचं फाटक, मनावर, जिल्हा धार, मध्य प्रदेश.



आपला जन्म २००३च्या तंबाखू कायद्यातला, म्हणजे यंदा पहिल्या वर्षाला बसलेल्या पोरांपेक्षा आपण वडील. शिक्षणसंस्थेपासून आपल्या हद्दीत तंबाखू विकायची नाही, असा आपला दरारा. मोजून आपण भरता ९१ मीटर ४४ सेंटिमीटर. तरणा पोरगा तेवढं मिनिटभरात चालतो. लेक्चरसुद्धा बुडत नाही.

आपल्या पलीकडच्या गुमटीचं काय सांगावं! सरकारने पाकिटाच्या ८५ टक्के भागावर रोगाचं भेसूर चित्र छापायला लावलं. पण पाकीट घेतो कोण? ते फोडून गल्ल्यामागे ठेवलेलं, पोराच्या बोटांत फक्त सुट्टी सिगारेट. लायटर दोरीला टांगलेला, तोही विकत घ्यायला नको. निघताना चिमूटभर बडीशेप, ती आईसाठी.

आपले चुलतबंधू शंभर मीटर दारूचं खातं सांभाळतात. पूर्वी ते पन्नासच होते. २०२३ साली भोपाळने त्यांची उंची दुप्पट केली आणि जोडीला सगळे अहाते, म्हणजे दुकानालगतचे पिण्याचे अड्डे, बंद केले. बसायची जागा गेली, बसणारे थोडेच गेले? बाटली आता शेताच्या बांधावर उघडते. सोबत डिस्पोजेबल ग्लास, पाण्याचे पाऊच, शेव. १ एप्रिल २०२५पासून महेश्वर-मंडलेश्वरात दुकानंच उठली, तिथे बंधूंना कामच उरलं नाही. इंदूरच्या विद्यापीठाला अहिल्यादेवींचं नाव. त्यांच्या महेश्वरात दारूबंदी आणि त्यांच्या विद्यापीठाच्या वाट्याला मोजपट्टी, हा न्याय मला काही उमगला नाही.

वयाचा बेत मात्र झकास जमलाय. अठराव्या वर्षी सिगारेट कायदेशीर, एकविसाव्या वर्षी दारू. मधली तीन वर्षं पदवीची. अभ्यासक्रम इतका वेळेवर पुरा होताना मी दुसरा पाहिलेला नाही.

एकच विनंती. कधी आपल्या आतल्या बाजूलाही पाहावं. स्टाफरूममागे धूर काढणाऱ्या गुरुजनांना आपण अडवत नाही. आपल्याला विक्री दिसते, ओढणं दिसत नाही. त्यासाठी २ ऑक्टोबर २००८पासून वेगळे नियम आहेत, तेही फाटकावरच्या पाटीइतकेच वाचले जातात.

आणि हो, आपल्या आत विकताना सापडलं तर कायद्यात दंड जास्तीत जास्त २०० रुपये. २००३ साली ठरला, तोच.

आपला,
एका विद्यार्थ्याचा बाप