झाड दारात, विमा दारोदार

म्युच्युअल विमा कंपनीत म्हणे विमेदारच मालक. बेंजामिन फ्रँकलिन आणि मंडळींनी 1752 साली फिलाडेल्फियात अशी कंपनी काढली. घरावर ठोकायचा बिल्ला चार गुंफलेल्या हातांचा. 1781 साली त्याच हातांनी दारात झाड असलेल्या घरांना नारळ दिला. आग विझवताना फांद्या आड येतात ना! झाडवाल्यांनी 1784 मध्ये वेगळी चूल मांडली. बिल्ल्यावर हिरवं झाड, आणि झाडापायी हप्ता जास्त.

हल्ली अमेरिकेत घर पाहायला विमा कंपनीचा माणूस येईलच असं नाही. हवाई फोटोत छपरावरचं शेवाळ, परसातलं ट्रॅम्पोलीन, झुकलेली फांदी, सगळं टिपलं जातं. मग मालकांना त्यांच्याच कंपनीचं पत्र: फांदी छाटा, नाहीतर दुसरं दार बघा.