कढईत डोकावणारा वाढपी

शेजाऱ्याच्या भानगडीत किती लक्ष घालायचं, याचे नियम डेटाबेसवाल्यांनी १९९२ सालीच छापून टाकले. त्या वर्षीच्या एसक्यूएल मानकात आयसोलेशनच्या चार पायऱ्या आहेत: रीड अनकमिटेड, रीड कमिटेड, रिपीटेबल रीड आणि सिरियलायझेबल.

समजून घ्यायला लग्नाची पंगत पुरे. वाढपी भटारखान्यात डोकावतो, कढईत जिलबी पाहतो आणि पंगतीत येऊन 'जिलबी येतेय' असं जाहीर करतो. तेवढ्यात पाक बिघडला म्हणून आचारी सगळा घाणा टाकून देतो. इकडे वरपक्षाचे काका मसालेभात नाकारून जिलबीसाठी जागा राखून बसलेले. हा डर्टी रीड. रीड अनकमिटेडला तो चालतो. रीड कमिटेडवाला भटारखान्याबाहेर आलेलंच खरं मानतो, पण त्याला दोनदा विचारलंत तर दोन उत्तरं मिळतील. रिपीटेबल रीडवाला एकदा सांगितलेलं बदलत नाही. मात्र पानं मोजून पाठ वळवावी तो आणखी दोन पाहुणे पाटावर हजर. मानकात त्यांना फँटम म्हणतात, आमच्याकडे आत्याचे जावई. सिरियलायझेबलचा खाक्या निराळा. सगळे एकदम जेवले तरी चालेल, पण हिशेब असा लागला पाहिजे की जणू एक उठल्यावरच दुसरा बसला.

या नावांवर फार विसंबू नये. पोस्टग्रेसकडे रीड अनकमिटेड मागा, तो 'हो' म्हणतो आणि मुकाट्याने रीड कमिटेड देतो. ओरॅकलमध्ये सिरियलायझेबल मागितलं की हातात स्नॅपशॉट पडतो. मुळात मानकातल्या व्याख्याच संदिग्ध आहेत, हे जिम ग्रे आणि मंडळींनी १९९५ साली अख्खा निबंध लिहून दाखवलं. मानक आपल्या जागी, निबंध आपल्या जागी.

आता प्रत्येकाला त्याच्या मगदुराप्रमाणे कनेक्शन द्यायचं, तर पूल वेगळे ठेवून दारात कोणीतरी उभं करावं लागतं. स्प्रिंगमध्ये हे काम आयसोलेशनलेव्हलडेटासोर्सराउटर करतो. (जावामध्ये क्लासचं नाव एका श्वासात संपलं तर तो फाउल धरतात.) चालू ट्रान्झॅक्शनने कोणती लेव्हल मागितली ते पाहायचं आणि त्या पूलकडे बोट दाखवायचं, काहीच मागितलं नसेल तर डीफॉल्टकडे. हा राउटर बहुधा जेटीएच्या सोबतीने वापरतात. जेटीए मॅनेजर एरवी लेव्हलची खास फर्माईश ऐकून घेत नाही, सरळ एक्सेप्शन फेकतो. त्याचं मन वळवायला 'अलाउ कस्टम आयसोलेशन लेव्हल्स' नावाची खिट्टी ट्रू करावी लागते.

एका प्रकल्पात हे सगळं व्यवस्थित बसवलं होतं. पेमेंटच्या मेथडच्या डोक्यावर सिरियलायझेबल असं ठसठशीत लिहिलेलं, तिच्यासाठी वेगळा पूल. तरीही हिशेबात गडबड. शेवटी टीममधल्या सगळ्यांत नव्या मुलीने विचारलं, "सर, या पूलमधून आजवर एकही कनेक्शन कसं गेलं नाही?"

कारण ऑर्डरची बाहेरची मेथड आधीच ट्रान्झॅक्शन उघडून बसली होती, तीही कोणतीच लेव्हल न मागता. चालू ट्रान्झॅक्शनमध्ये आतली मेथड सामील झाली की तिची मागणी स्प्रिंग ऐकल्यासारखी करतो आणि सोडून देतो. 'व्हॅलिडेट एक्झिस्टिंग ट्रान्झॅक्शन' चालू केलं असेल तरच तक्रार करतो, आणि ते मुळात बंद असतं. राउटर बिचारा बाहेरचीच चिठ्ठी वाचून सगळ्यांना डीफॉल्टकडे धाडत होता.

साहेब म्हणाले, "पैशाचा मामला आहे, सगळंच सिरियलायझेबल करा." केलं. पोस्टग्रेसला दोघांचा हिशेब जुळेना की तो एकाला ४०००१ हा नंबर देऊन बाहेर काढतो. पुन्हा रांगेत लागायचं काम ज्याचं त्याचं, आणि तो रीट्रायचा कोड कुणी लिहिलाच नव्हता. दुपारपर्यंत लॉगमध्ये ४०००१ खेरीज काही दिसेना. साहेबांनी स्वतः येऊन विचारलं, "हा ४०००१ नावाचा कस्टमर कोण?"

मग तोडगा निघाला: पेमेंटला स्वतंत्र नवं ट्रान्झॅक्शन द्या. दिलं. राउटरने त्याला लगेच बरोबर पूल दाखवला, लेव्हल मिळाली, रीट्रायही लिहून झाला. फक्त आता बाहेरची ऑर्डर फसून रद्द झाली तरी आतले पैसे कापलेलेच राहतात. अकाउंट्सच्या बाईंना हे भीतभीतच सांगितलं. त्या म्हणाल्या, "चालेल. निदान आता सगळ्यांची तक्रार एकच असते."