रिद्धपूर परिसरातील मध्यस्थ महोदयांस अनावृत पत्र

प्रति,
घरे व भूखंड यांचे समस्त मध्यस्थ महोदय,
मु. रिद्धपूर, ता. मोर्शी, जि. अमरावती

विषय : महोदय नेमके कोणाच्या बाजूचे आहेत, याचा लेखी खुलासा मिळण्याबाबत.



हे पत्र केवळ खरेदीदारांच्या वतीने लिहिले असून त्यासाठी विक्रेत्यांकडून काहीही घेतलेले नाही, हे आरंभीच नमूद केलेले बरे.

महानुभाव पंथाची काशी मानल्या जाणाऱ्या या गावात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी व परस्परांहून भिन्न आहेत, असा सिद्धान्त शतकानुशतके शिकवला गेला. त्याच गावात देणारा आणि घेणारा यांच्यातील भेद पुसून व्यवहारातील अद्वैत सिद्ध करण्याचा मान मध्यस्थ महोदयांकडे जातो. विक्रेत्याच्या ओसरीवर ‘भाव पडू देत नाही’ असे अभय देणारी आणि तासाभराने खरेदीदाराला ‘भाव पाडून देतो’ असा शब्द देणारी वाणी एकच असते, आणि दोन्ही शब्दांची दलाली दोन्हीकडून वेगवेगळी घेतली जाते, हे या अद्वैताचे प्रात्यक्षिक होय.

कायदा मात्र अजून द्वैतातच अडकलेला आहे. भारतीय करार कायदा, 1872 याच्या कलम 182 प्रमाणे दुसऱ्याच्या वतीने काम करणारा तो अभिकर्ता, म्हणजे एजंट, आणि ज्याच्या वतीने काम होते तो प्रकर्ता, म्हणजे त्याचा धनी. कलम 216 पुढे असे सांगते की, धन्याच्या नकळत अभिकर्त्याने तोच व्यवहार स्वतःच्या लाभासाठी केला, तर तो लाभ धन्याला मागता येतो. विक्रेत्याने सांगितलेला भाव आणि खरेदीदाराला ऐकवलेला भाव यांच्यामधली रक्कम परस्पर खिशात घालणाऱ्या महोदयांनी हे कलम जुने झाले असे समजू नये.

कायद्याची नजर घरांच्या बाजाराकडे उशिराच वळली : कापूस व धान्य यांच्या बाजारासाठी वऱ्हाडात 1897 मध्येच कायदा झाला. घरांच्या दलालाची व्याख्या मात्र स्थावर संपदा कायद्यात, म्हणजे ‘रेरा’त, 2016 साली आली. ही व्याख्या ‘एका व्यक्तीच्या वतीने’ बोलणी करणाऱ्याला एजंट म्हणते आणि लगेच, दोघांची केवळ गाठ घालून देणाऱ्यालाही त्यातच धरते. महोदयांचा एक पाय पहिल्या वाक्यांशावर आणि दुसरा दुसऱ्यावर असतो, तो यामुळेच. शिवाय महारेराकडील, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाकडील, नोंदणीचे बंधन नोंदणीपात्र प्रकल्पांतील विक्रीपुरते आहे आणि 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील प्रकल्प त्यातून वगळलेले आहेत, त्यामुळे गावठाणातले जुने घर विकत घेताना खरेदीदाराच्या हाती बहुधा 1872 चाच कायदा उरतो. याउलट अमेरिकेत, दलालांच्या राष्ट्रीय संघटनेने एका दाव्यात केलेल्या तडजोडीनुसार, 17 ऑगस्ट 2024 पासून खरेदीदाराला घर दाखवण्यापूर्वीच त्याच्याशी लेखी करार करून त्यात मोबदला लिहावा लागतो. रिद्धपुरात ‘महोदय कोणाचे आणि मोबदला किती’ हा प्रश्न इसार दिल्यानंतरही विचारणे असभ्यपणाचे मानले जाते.

इसारपत्र, म्हणजे सौदा पक्का करताना दिलेल्या आगाऊ रकमेचा कागद, या बाबतीत फार बोलके असते : त्यावर देणाऱ्याचे नाव असते, घेणाऱ्याचे असते, चतुःसीमा असतात, खरेदीखताची मुदत असते आणि सर्वांत खाली, साक्षीदार म्हणून, महोदयांची सही असते. सौदा ज्यांनी जुळवला, भाव ज्यांनी ठरवला आणि दलाली ज्यांनी मोजून घेतली, ते कागदावर केवळ तिऱ्हाईत उरतात. उद्या सातबाऱ्यावर बोजा निघाला किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर भलत्याचेच नाव दिसले, की ‘आपण तर फक्त सही केली’ असे म्हणण्याची सोय आजच झालेली असते.

सबब विनंती एवढीच की, इसाराची रक्कम हाती घेण्यापूर्वी महोदयांनी त्याच कागदावर आपला धनी कोण आणि दलाली कोणाकडून किती, हे दोन ओळींत लिहून द्यावे, दोन्हीकडून घ्यायची असल्यास दोघांच्याही सह्या त्याखाली घ्याव्यात, आणि साक्षीदार म्हणून ज्याला त्या सौद्यातून एक पैसाही मिळणार नाही, असा माणूस शोधावा.

कळावे,
इसार देण्याच्या बेतात असलेला खरेदीदारवर्ग